रहिमतुल्लाने गाडी कुठे लावली

काही माणसं काळजी करतात, आणि काही माणसांना काळजी करायला काही मिळालं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. रहिमतुल्ला परकार हा दुसऱ्या प्रकारातला. बहारीनमध्ये मआमीरच्या बाजूला यंत्रांच्या सुट्या भागांचं एक मोठं गोदाम आहे, तिथे तो स्टोअरकीपर. राहायला जिदहफ्समध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, बायको मुनीरा आणि मुलगी अरीबा यांच्यासोबत. सकाळी निघताना गॅस बंद आहे का हे बघायला तो खालून पुन्हा वर जातो. सिग्नल हिरवा असला तरी ‘आता पिवळा होईल’ म्हणून आधीच गाडी हळू करतो. मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार होतात. गोदामातला वसईचा सॅम्युअल त्याला विचारतो, “रहिमतभाय, गाडी चालवतोस की समजावतोस?” रहिमतुल्ला हसतो, पण वेग वाढवत नाही.

एका गोष्टीचा मात्र त्याला अभिमान होता. बहारीनला आल्यापासून त्याच्या नावावर एकही मुखालफा नव्हता. वाहतुकीचा नियम मोडला की जी नोटीस येते तिला इथे सगळे मुखालफा म्हणतात. सॅम्युअलला तर त्या नोटिसा दिवाळीच्या शुभेच्छांसारख्या येतात. रहिमतुल्लाला कधीच नाही. परक्या मुलखात माणसाने कुणाच्या नजरेत येऊ नये, हे त्याला त्याच्या बावाने, म्हणजे वडिलांनी, शिकवलं होतं, आणि बावाची एवढी एक गोष्ट त्याने जन्मभर पाळली.

बावाही याच देशात राबला होता. मुहर्रकच्या जुन्या बाजारात, एका गल्लीत, मशिदीला लागून शिंप्याचं दुकान होतं. तिथे तो अरबांचे झगे शिवायचा. दोन वर्षांनी सुट्टीवर रत्नागिरीजवळच्या गावी यायचा, महिनाभर राहायचा आणि परत जायचा. बायकोला कधी आणता आलं नाही. आता बावा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि या डिसेंबरात रहिमतुल्लाने आपल्या आईला, जुबैदाबीला, व्हिजिट व्हिसावर आणलं होतं. ती आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसली होती.

मॉल दाखवले, समुद्र दाखवला, मोठी मशीद बाहेरून दाखवली. अम्मा प्रत्येक ठिकाणी “बरं हाय” म्हणायची. परतीचं विमान जवळ आलं तेव्हा एका जेवणानंतर ती ताटाकडे बघत म्हणाली, “तुज्या बावाचा दुकान व्हता ती गल्ली बगायची हाय मना.”

रहिमतुल्लाला लगेच तिथले रस्ते आठवले. जुनं मुहर्रक म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने वळून उभं राहायचं अशा गल्ल्या. त्यात आता जुनी घरं दुरुस्त करून तो सगळा भाग पाहुण्यांसाठी सजवलेला, आणि हिवाळ्यात तिथे गर्दीचे दिवस. कुठली गल्ली कधी बंद, कुठे फक्त चालत जायचं, कुठे राहणाऱ्यांचीच गाडी जाते, काही नेम नाही. बरं, अम्माचे गुडघे असे की लांब गाडी लावून चालत न्यायची सोय नाही. त्याने रात्र नकाशा बघण्यात घालवली. मुनीरा कूस बदलून म्हणाली, “अवो, मुहर्रकला जायचंय, चंद्रावर नाय.”

निघताना त्याने सगळी काळजी घेतली. अम्माचा पासपोर्ट तिच्या पिशवीतून काढून गाडीच्या खणात ठेवला, हरवायला नको म्हणून. अरीबाने आपला जुना फोन तिच्या हातात दिला. “दादी, जस्ट प्रेस द ग्रीन वन, ओके?” अम्माला इंग्रजी येत नव्हतं आणि अरीबाला मराठी समजत असूनही बोलता येत नव्हतं, पण दोघींचं बरं जमायचं. मुनीराने सासूसाठी नवे मऊ सँडल आणले होते. अम्माने ते बाजूला सारले आणि रत्नागिरीच्या बाजारातल्या आपल्या तपकिरी चपलाच घातल्या. एका चपलेचा पट्टा तुटलेला, तो तिने पांढऱ्या दोऱ्याने स्वतः शिवलेला. “शिंप्याची बायको हाय मी,” ती म्हणाली. रहिमतुल्लाला त्या चपलांची थोडी लाजच वाटली. पुढे त्याला ती लाज आठवणार होती.

मुहर्रकला फोनमधली बाई सांगेल तसा तो वळत गेला. डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येत चालल्या. पुढे एक भाड्याची पांढरी गाडी थांबली होती. आतलं गोरं जोडपं उतरून गल्लीच्या तोंडावरची पाटी वाचत होतं. लाल गोल, खाली बारीक अक्षरात अरबी आणि इंग्रजी: फक्त रहिवाशांसाठी. पलीकडे जमिनीतून लोखंडी खांब वर आलेले. पहारेकऱ्याने त्या दोघांना हाताने मागे जा म्हणून खुणावलं. ती दोघं खळखळून हसली आणि गाडी मागे घेत निघून गेली. रहिमतुल्लाला हसू येईना. रस्ता चुकणं ही पाहुण्यांची गंमत असते. इथे राहणाऱ्याचा तो गुन्हा असतो, निदान त्याला तसं वाटायचं.

पहारेकरी त्याच्या काचेजवळ आला. “चाचा, आगे गाडी मफी, मना है. खाली घरवालों का जायेगा. आप पार्किंग में लगाओ, पैदल आओ.”

“भाई, मां साथ में है. घुटने का प्रॉब्लेम है.”

पहारेकऱ्याने वाकून मागे बघितलं. “अम्मा को इधर उतार दो. बेंच है. आप गाडी लगाके आ जाओ.”

रहिमतुल्लाला ते मुळीच पटलं नाही. अनोळखी जागा, एकटी म्हातारी बाई! “राहू दे अम्मा, आपण पुन्हा कधीतरी येऊ,” असं तो म्हणणार, तोवर अम्माने दार उघडलंही होतं.

“मी बसतंय हितं. तू जा, गाडी लाव.”

“अगं, पण एकटी...”

“एकटी कसली? हा पोरगा हाय ना उभा. जा तू. घाई करू नको, नीट लाव.”

एरवी मुलाच्या सावलीला धरून चालणारी अम्मा दगडी बाकावर अशी बसली की जशी आपल्याच अंगणात बसलीय. मागून हॉर्न वाजायला लागले. रहिमतुल्लाने पहारेकऱ्याला “ध्यान रखना भाई” असं तीनदा सांगितलं आणि गाडी मागे घेतली.

आणि मग त्याचे हाल सुरू झाले. पार्किंगची इमारत भरलेली. तिथला माणूस नुसता मान हलवत होता. पुढची गल्ली एकेरी, पण उलट्या बाजूने. त्याच्यापुढची हिवाळ्यातल्या उत्सवासाठी बंद. फोनमधली बाई पुन्हापुन्हा त्याला त्याच खांबांकडे न्यायला बघत होती. तिला गल्ली बंद आहे हे ठाऊकच नव्हतं. तो घाबरून भलत्याच रांगेत शिरला आणि बघतो तर काय, गाडी समुद्रावरच्या पुलावर! मुहर्रक मागे, मनामा समोर, आणि मध्ये वळायला जागा नाही. दोन्ही बाजूंना निळं पाणी चमकत होतं. एरवी पाहुण्यांना इथून फोटो काढायला सांगणारा हा माणूस त्या पाण्याकडे बघून रडकुंडीला आला. आई एका बेटावर आणि तो दुसऱ्या बेटाकडे चाललेला.

त्याने फोन लावला. अरीबाचा जुना फोन वाजला. मागच्या सीटवर.

रहिमतुल्लाने आरशातून मागे बघितलं. फोन गाडीत. पासपोर्ट गाडीत. अम्माजवळ तिचं नाव सांगणारा कागदाचा तुकडाही नव्हता. तिला अरबी येत नाही, इंग्रजी येत नाही, हिंदी म्हणजे तोडकंमोडकं. ती कुठे राहते हे तिला कुणी विचारलं तर ती गावाचं नाव सांगेल! हरवायला नको म्हणून ज्या ज्या वस्तू त्याने सांभाळल्या होत्या, त्यांनीच आता त्याचा घात केला होता.

तेवढ्यात मुनीराचा फोन. “पोचलात ना? अम्मा काय म्हणतात?”

“बसलीय,” तो म्हणाला. “मजेत बसलीय.”

लग्न झाल्यापासून बायकोशी खोटं बोलण्याचा त्याला सराव नव्हता. त्याचे कान तापले.

मनामाच्या टोकाला वळून तो परत मुहर्रकला आला तोवर अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची, अजान होऊन गेली होती. पार्किंग अजून भरलेलंच. आणि मग रहिमतुल्लाने ते केलं जे त्याने आयुष्यात केलं नव्हतं. ‘वाहने उभी करू नयेत’ या पाटीच्या अगदी पुढ्यात, कुणाच्या तरी फाटकाला अर्धी आडवी करून त्याने गाडी सोडली आणि तो धावत सुटला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस त्या जुन्या गल्ल्यांतून धावत होता आणि कॉफी पीत बसलेले पाहुणे त्याच्याकडे बघत होते.

बाक रिकामा होता.

पहारेकरीही बदललेला. नव्याला काही ठाऊक नव्हतं. “कौन अम्मा? मैं अभी आया, चाचा.”

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. रहिमतुल्लाच्या मनाने एका क्षणात सगळं चिंतून टाकलं. ती चक्कर येऊन पडली असेल. कुणी तिला दवाखान्यात नेली असेल आणि ती काही सांगू शकत नसेल. ती त्याला शोधत मोठ्या रस्त्यावर गेली असेल, तिथल्या गाड्यांचा वेग! गावी थोरल्या बहिणीला काय तोंड दाखवणार? निघताना बहीण म्हणाली होती, “अम्माला जपून ने रे, तू विसरभोळा नाहीस म्हणून पाठवते.”

तो हलव्याच्या दुकानात शिरला, बायकांच्या काळ्या अबायांच्या दुकानात शिरला. मसालेवाल्याला विचारलं, मोती दाखवणाऱ्याला विचारलं. “मदर. ओल्ड. व्हाइट ओढणी.” ओढणीला अरबीत काय म्हणतात ते त्याला आठवेना, म्हणून तो स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून दाखवत होता. एका कॉफीच्या दुकानाबाहेर म्हातारे बहारीनी बसले होते. त्यांतल्या एकाने त्याला पाणी दिलं, बसवायचा प्रयत्न केला. “इंशाल्ला, इंशाल्ला, मामा मौजूद,” तो म्हणाला, इथे आईला मामा म्हणतात, आणि गल्लीकडे बोट दाखवू लागला. तिथे मशीद होती, बावाच्या दुकानाला लागून होती म्हणतात तीच, नव्याने चुना लावलेली. रहिमतुल्लाला वाटलं, म्हातारा आपल्याला धीर देतोय, दुआ मागायला सांगतोय. अम्मा मशिदीत असेल हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

कसं येणार? त्यांच्या गावात बायका मशिदीत जात नाहीत. कुणी अडवत नाही, तशी पाटीही नाही. पण जात नाहीत. परकारांच्या घराची मागची भिंत आणि मशिदीची भिंत यांच्यात एक फणसाचं झाड तेवढं आहे. अम्मा लग्न होऊन आली तेव्हापासून चुलीपाशी बसून अजान ऐकते आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत नमाज पढते. मशिदीच्या चटया ती धुऊन देते, रमजानात इफ्तारची ताटं पाठवते, पण आतली जमीन कुठल्या रंगाची आहे हे तिला माहीत नाही. रहिमतुल्लाला हे कधी वेगळं वाटलं नव्हतं. माशाला पाणी वेगळं वाटत नाही.

पोलिसांत जायचं त्याने ठरवलं. पण त्याआधी त्याला वाटलं, अस्र राहिली आहे, आपल्याच हातून काहीतरी चुकलंय, आधी नमाज पढावी. तो मशिदीत गेला. जमात, म्हणजे सगळ्यांची एकत्र नमाज, होऊन गेली होती, आत दोनतीनच माणसं. तो कोपऱ्यात, खिडकीजवळच्या खांबापाशी उभा राहिला. सजद्यात कपाळ टेकलं आणि त्याला हुंदका आवरेना. “या अल्ला, माझी अम्मा मला परत दे. मी तिच्यावर कधी चिडणार नाही. तिच्या चपलांची लाज वाटली मला, माफ कर.” शेजारच्या माणसाने हळूच त्याच्या पाठीवर हात ठेवला. समोर उजवीकडे लाकडी जाळीची भिंत होती. तिच्यापलीकडे कुणीतरी खोकलं. रहिमतुल्लाचं तिकडे लक्ष नव्हतं.

बाहेर येऊन तो मशिदीच्या कडेच्या भिंतीला टेकला आणि पोलिसांचा नंबर शोधू लागला. फोन निसटून खाली पडला. तो उचलायला वाकला तर बाजूला एक लहान दार, दारात पायरी, आणि पायरीवर बायकांच्या चपला. काळ्या, चकचकीत, उंच टाचांच्या. आणि त्या सगळ्यांच्या शेजारी, नीट जोडून ठेवलेल्या, रत्नागिरीच्या तपकिरी चपला. एकीचा पट्टा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! रहिमतुल्ला त्या पायरीजवळ मटकन खालीच बसला. मग ताडकन उठला आणि आत घुसायला निघाला, तेवढ्यात दारावरची पाटी दिसली. बायकांसाठी. पुरुषांना आत मनाई. तो तसाच थबकला. आई आत, आणि आपल्याला जाता येत नाही. दारात उभं राहून हाक मारण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं.

“अम्मा!” त्याने हाक मारली. मग जरा मोठ्याने, “अम्मा गे!”

आधी एक बहारीनी बाई बाहेर आली. तिने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि ती हसली. “यू आर द सन? युवर मदर इज फाइन. शी वॉज ऑन द बेंच, अजान हो गया, आय टोल्ड हर, मामा, कम.” अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी. मग ती बाजूला झाली आणि तिच्यामागे अम्मा दिसली. पांढरी ओढणी कपाळापर्यंत, चेहरा धुतलेला. बाहेर न येता ती दारातच उभी राहिली.

“आलास? केवडा वेळ लावलास!”

रहिमतुल्लाच्या तोंडून आधी रागच बाहेर पडला. “वेळ? अगं, मी सगळा बाजार पालथा घातला! फोन गाडीत टाकलास. हितंच बसतंय म्हणाली होतीस ना? मेलो असतो मी, अम्मा. मला वाटलं...” आणि तो रडायलाच लागला. नुकतंच अल्लाला दिलेलं वचन एवढ्यात मोडलं होतं, हेही त्याच्या लक्षात आलं.

अम्माने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, “फोन मी मुद्दाम ठेवला.”

“मुद्दाम?”

“तू लगेच हाक मारली असतीस. मना आत जायचा व्हता, रहिमत.”

ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी ही बाई दुकानाची गल्ली बघायची म्हणाली होती. दुकान कुठे होतं आता? तिथे कॉफीच्या कपांचं काहीतरी झालं होतं. तिला मशीदच बघायची होती.

“तुजा बावा सुट्टीवर आला की सांगायचा,” अम्मा म्हणाली. “दुकानाच्या भिंतीला लागून मशीद हाय. आत खिडकीशी एक खांब हाय, त्याला टेकून मी बसतंय. कातर ठेवतंय नि बसतंय. तुज्यासाठी, पोरांसाठी दुआ मागतंय. दर येळी हाच सांगायचा. मी म्हणायची, मना दाखवा. तर हसायचा. म्हणायचा, बायका कुटं जातात?”

“मग मला सांगायचं होतंस ना.”

“तुला सांगितला असता तर तू काय म्हटला असतास?”

त्याने काय म्हटलं असतं हे दोघांनाही पाठ होतं. लोक काय म्हणतील, इथली पद्धत आपल्याला माहीत नाही, कुणी अडवलं तर, उगाच कशाला. बावाने जे हसून टाळलं होतं, ते त्याने काळजीने टाळलं असतं. त्याला फार वाईट वाटलं. आईच्या आयुष्यात एवढी एक जागा बघायची राहिली होती आणि ती बघायला तिला आपल्या मुलाला चकवावं लागलं.

“दिसला का खांब?” त्याने विचारलं.

अम्माचा चेहरा एकदम पोरीसारखा झाला. “जाळीतून दिसतो ना! त्या बाईने मना तितंच बसवला. तू आत आलास तेव्हा मी बगितला तुला. तू रडत व्हतास. त्याच खांबापाशी.”

“आणि मला हाक नाही मारलीस?”

“नमाजीला हाक मारतात काय? आणि...” ती थांबली. “तू माज्यासाठीच मागत व्हतास. तुजा बावा कसा मागायचा ते दिसला मना. जरा बगू म्हटला.”

गल्लीत दिवे लागायला सुरुवात झाली होती. लांब मोठ्या रस्त्याच्या बाजूला कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. सोडतच नव्हतं. रहिमतुल्लाला तो कुणासाठी आहे हे नक्की कळत होतं. त्या फाटकाचा मालक बाहेर आला असेल. कदाचित पोलीसही. इतक्या वर्षांचं त्याचं कोरं नाव तिकडे खराब होत होतं. त्याचे पाय सवयीने तिकडे वळलेही.

“दिवस बुडतोय, मगरिबच्या नमाजेला आता थोडाच वेळ हाय,” अम्मा म्हणाली. तिने दाराची चौकट धरली होती. “पढून निघू काय? परत कधी येतंय मी? पण तुजी गाडी... कुटं लावलीस? नीट लावलीस ना?”

हॉर्न पुन्हा वाजला, मोठा, लांब.

“नीट लावलीय,” रहिमतुल्ला म्हणाला. “अगदी नीट. तू जा आत, बस.”

अम्मा आत गेली. त्याने वाकून तिच्या चपला उचलल्या, कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून भिंतीशी सारून ठेवल्या, आणि तो त्यांच्या शेजारी पायरीवर बसला.